इतर कारणांचा रकाना

पुत्तनकडव,
११ फेब्रुवारी २००८

चि. प्रशोभ यास,

फोन केला नाही, कारण फोनवर तू ‘रेंज जातेय मामा’ म्हणून सुटतोस. पत्राला रेंज लागत नाही.

काल जिल्हा कार्यालयाकडून वाचनशाळेच्या नावाने कागद आला. सचिव या नात्याने मी तो सही करून घेतला, उभ्या उभ्याच फोडला. पुत्तनकडवच्या वाचनशाळेचा मच्छीमारांना कोणताही उपयोग नसल्याचे ‘विद्यापीठीय संशोधनातून निष्पन्न झाले’ आहे, सबब जूनअखेर वाचनशाळा बंद करून इमारत संगणक केंद्रास द्यावी आणि पुस्तके मोठ्या रस्त्यावरच्या शाळेत हलवावीत. सोबत त्या संशोधनाचा दोन पानी सारांश टाचलाय. त्याच्या डोक्यावर तुझं नाव. मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. तुझंच.

विषय : ‘किनारपट्टीवरील मच्छीमारांचे माहिती शोधण्याचे वर्तन’. वर्तन म्हणे! वर्तन कैद्यांचं असतं, चांगलं असलं की लवकर सोडतात. आणि पुढे : ‘गाव क येथील एकाही मच्छीमाराने वाचनशाळेत जात असल्याचे सांगितले नाही. प्रमुख कारण : गरज वाटत नाही.’

गाव क! पश्चिमेला समुद्र, पूर्वेला कालवा, मधे एकच वाचनशाळा, तिला निळं दार, हे सगळं त्याच परिच्छेदात लिहून वर गावाचं नाव ‘क’. कुणापासून लपवतोयस, डोळे मिटून बसलेल्या मांजरापासून?

प्रशोभ, मला किळस आली. राग आला असता तर बरं होतं. राग आला की माणूस ओरडतो आणि मोकळा होतो. हे मात्र घशाशी येऊन बसलंय, ते ना गिळता येत ना थुंकता येत.

तुला ठाऊक आहे, आठवीनंतर मला होडीवर घातलं. पुढचं सगळं मी माझं शिकलो. वर्गीकरणाचं ते इंग्रजी बाड शब्दकोश मांडीवर घेऊन दोन पावसाळे वाचलं. ते लिहिणाऱ्या साहेबाने मासा तीन ठिकाणी फोडलाय : जिवंत असला तर प्राण्यांत, पकडला तर शेतीच्या शेजारी आणि शिजवला तर स्वयंपाकात. मी तिन्ही मासे एका फळीवर आणले. त्रिचूरच्या शिबिरात हे सांगितलं तेव्हा पदवीवाले लिहून घेत होते. प्रत्येक पुस्तकाचं कार्ड माझ्या अक्षरात आहे, खाडाखोड एकावरही नाही. आणि रोज तीनच्या ठोक्याला मी वर्तमानपत्र घेऊन जाळ्यांच्या मांडवात जातो. आधी हवामान, मग बंदरातला भाव, मग कोण गेलं ते, आणि वेळ उरला तर कादंबरीचं एक प्रकरण. अख्खा मांडव ऐकतो. आणि यांना म्हणे गरज वाटत नाही.

तू इथे आलाच नाहीस. मला हे धंदे माहीत आहेत. मागच्या वर्षी असाच एक संशोधक आला होता, गळ्यात शबनम. कोऱ्या प्रश्नावल्यांचा गठ्ठा टेबलावर ठेवून म्हणतो, “सर, जरा वेगवेगळ्या पेनांनी भरून ठेवा ना. निळं, काळं, एखादं हिरवं. शनिवारी नेतो.” हिरवं! मच्छीमाराच्या खिशात हिरवं पेन! मी तो गठ्ठा त्याच्या शबनममध्ये परत कोंबला आणि ज्या टेबलावर तो ठेवला होता ते टेबल पुसून घेतलं. तू त्याच्याच पंगतीला बसलास. हॉस्टेलात चार टवाळ जमवून, चहा पीत पीत आमच्या गावाची ‘गरज’ ठरवलीत.

कार्यालयाला ताबडतोब लिही की सारांश चुकीचा आहे. नुसतं ‘पुनर्विचार व्हावा’ असलं गुळमुळीत नको. चुकीचा आहे, असं लिही.

तुझा मामा,
पुष्करन

तिरुवनंतपुरम,
१९ फेब्रुवारी २००८

ती. पुष्करमामांस सा. नमस्कार.

पत्र मिळालं. हॉस्टेलमध्ये टवाळ आहेत, पण त्यांनी माझा एकही फॉर्म भरलेला नाही. फॉर्म खरे आहेत.

मी गेल्या नोव्हेंबरात पुत्तनकडवला चार दिवस होतो. तुम्ही तेव्हा त्रिचूरच्या शिबिरात शिकवायला गेला होतात. मामीकडेच उतरलो. तिने कप्प्याचे कंद उकडून आणि बांगड्याचं लाल कालवण करून घातलं आणि मीच तिला सांगितलं, की मामांना बोलू नकोस. तिच्यावर चिडू नका. मांडवात बसून एकेका माणसाशी बोललो, माझ्या हाताने उत्तरं उतरवली, खाली त्यांच्या सह्या घेतल्या.

सारांश मी कार्यालयाला दिलेला नाही. माझे मार्गदर्शक त्यांच्या समितीवर आहेत, त्यांनी परस्पर दिला. तो कशासाठी वापरणार हे मला कुणी विचारलं नाही. इमारत बंद करा असं मी कुठेही लिहिलेलं नाही, मामा. मी फक्त काय दिसलं ते लिहिलं. पुढचं धोरण ठरवणाऱ्यांचं.

१२ एप्रिलला माझी खुली तोंडी परीक्षा आहे. तुम्हाला माहीत आहे, ती जाहीर असते, कुणीही येऊन बसावं, कुणीही प्रश्न विचारावा. मे महिन्यात कायमकुळमच्या कॉलेजात जागा निघतेय आणि त्यांना पदवी हातात हवी आहे. मी चौतिशीला आलो. अजून मेसचा सांबार खातोय. त्यामुळे आत्ता प्रबंधाला धक्का लागला तर कठीण होईल.

एक विनंती. त्या दिवशी तुम्ही येऊ नका.

आपला,
प्रशोभ

पुत्तनकडव,
२७ फेब्रुवारी २००८

चि. प्रशोभ यास,

‘फक्त काय दिसलं ते लिहिलं.’ हे वाक्य तुला कुणी शिकवलं? आरशाने?

आधी तुझ्या मामीला विचारलं. “चार दिवस घरात माणूस राहून जातो आणि मला सांगत नाहीस?”

“तुम्ही विचारलं नाहीत.”

“मला माहीत असल्याशिवाय मी विचारू कसा?”

“तुम्हाला तर सगळं माहीत असतं,” म्हणाली आणि नारळ खोवायला बसली.

मग मांडवात गेलो. त्या दिवशी वर्तमानपत्र घडी घालूनच ठेवलं. कुट्टप्पन सुई-दोरा घेऊन बसला होता. त्याच्याशी झालेलं बोलणं जसंच्या तसं देतो, तुझ्यासारखं टक्क्यांत नाही.

“कुट्टप्पा, नोव्हेंबरात प्रशोभ आला होता?”

“आला होता की. बिस्किटं आणली होती. मलईची.”

“विचारलं काय त्याने?”

“आठवड्यातून किती वेळा वाचनशाळेत जाता.”

“मग?”

“कधीच नाही म्हटलं. पोर तुमचं, त्याच्याशी खोटं कसं बोलू?”

“अरे, मग रोज दुपारी मी इथे बसून काय करतो?”

“तुम्ही वाचता.”

“आणि तुम्ही?”

“आम्ही जाळी सांधतो.”

पलीकडे तंकमणी टोपली धूत होती. मासे विकून आली होती. तिच्या जिभेला हाड नाही हे तुला ठाऊकच आहे. म्हणाली, “मास्तर, पोराने आम्ही जातो का ते विचारलं. तुम्ही येता का ते विचारलं असतं तर सांगितलं असतं ना! रोज येतात, एक दिवस खाडा नाही, आम्हाला ताप असला तरी येतात.” सगळा मांडव हसला.

तेव्हा खोटे फॉर्म भरल्याचा आरोप मी मागे घेतो. तू त्याहून वाईट केलंस. खरे भरलेस.

हा प्रश्न चपला घालणाऱ्या माणसाने चपला घालणाऱ्या माणसासाठी केलेला आहे. तू पायांची हालचाल मोजलीस आणि तिला ज्ञान म्हणालास. इथे कागद माणसांकडे चालत जातो. मांडवातल्या म्हाताऱ्याला विचार, वादळाचा बावटा कधी लागला, डिझेलचं अनुदान कुणाचं अडकलं, दिल्लीत कोण पडलं. सगळं सांगेल. कुठून कळलं म्हणून विचार, तर म्हणेल, ‘कळलं’. त्याला तुझ्या फॉर्मात चौकोन नाही. अशा फॉर्मावर पदव्या देतात आणि त्या पदवीवर इमारती काढून घेतात. शिसारी येते.

आता दुसरी गोष्ट. ‘गरज वाटत नाही’ हे कुणाच्या तोंडचं? कुट्टप्पन म्हणतो, मी असं म्हणालोच नाही. “मग काय म्हणालास?” तर त्याने जाळ्यात डोकं घातलं. शशिधरनला विचारलं, त्याला एकदम इंजिन बघायची आठवण झाली. तंकमणीलासुद्धा विचारलं. ती तोंडाची फटकळ बाई गप्प बसली! मला तो कारणांचा रकाना बघायचा आहे.

१२ एप्रिलला मी येतोय. पुढच्या रांगेत बसणार आहे. प्रश्न लिहून आणतो, म्हणजे गडबडीत शब्द इकडचा तिकडे व्हायला नको.

पुष्करन

तिरुवनंतपुरम,
१० मार्च २००८

ती. मामांस,

तुमचं पत्र आठवडाभर खिशात घेऊन फिरलो. प्रश्नाबद्दल तुम्ही म्हणता ते बरोबर आहे. तो प्रश्न मी एका परदेशी अभ्यासातून जसाच्या तसा उचलला. तिकडे लोक वाचनालयात जातात. वाचनालय लोकांच्या मांडीशी येऊन बसतं हे त्यांना सुचलं नाही, आणि मी तर त्याच मांडवात वाढलो, मला सुचायला हवं होतं. परीक्षेत मला कुणी हे विचारलं तर मी कबूल करीन.

पण तुम्हाला तो रकाना बघायचा आहे. तुम्ही परीक्षेला येऊ नका म्हणालो ते याच्यासाठी, आणि तुम्ही गावात नसताना आलो तेही याच्यासाठीच. तुम्ही असता तर कुणी तोंड उघडलं असतं का?

फॉर्मात ‘जात नसल्यास कारण’ असा प्रश्न होता. पुढे चौकोन : गरज वाटत नाही, वेळ नाही, वाचता येत नाही, हवी ती पुस्तके नाहीत. शेवटी ‘इतर कारणे’ आणि एक कोरी ओळ. पुत्तनकडवमध्ये जवळजवळ सगळ्यांनी वरचे चौकोन सोडून दिले आणि त्या कोऱ्या ओळीत सांगितलं. त्यांच्याच शब्दांत उतरवतो.

‘मास्तर हात हुंगतो.’

‘पुस्तक मागितलं की हात पुढे करायला लावतो. वास घेतो. मग म्हणतो, जा, साबण लावून ये. साबण लावून गेलो तरी वास येतोच. तो साबणाने जाणारा नाही.’

‘दाराशी पाय धुवायची बादली असते. शाळेतल्या बाईंना धुवायला सांगत नाहीत.’

‘पंचा नाकाला लावून बोलतो. त्याचा बाप माझ्याच होडीवर होता.’

‘मांडवात येतो तेव्हासुद्धा वाऱ्याच्या वरच्या अंगाला बसतो.’

आणि एका बाईने सांगितलं : ‘आत कपाटं कशी लावलीत ते एकदा बघायचंय. पण टोपली कुठे ठेवू?’

हे कागद पुढ्यात ठेवून मी दोन दिवस बसलो होतो. मग ती सगळी इतर कारणं उचलून ‘गरज वाटत नाही’मध्ये घातली. संगणकावर ते एका बोटाचं काम आहे. गावाला कितीही ‘क’ म्हटलं तरी निळ्या दाराच्या आतला मास्तर कोण हे कालव्याच्या दोन्ही काठांना कळलं असतं. मला अक्षर तुम्ही लावलंत. वाटलं, एवढं तरी झाकावं.

अख्ख्या प्रबंधात तेवढीच एक गोष्ट खोटी आहे. आणि कार्यालयाने नेमकी तीच उचलली.

कारण ज्या वाचनशाळेची गरज नाही ती बंद करतात. पण लोकांना आत यायचंय आणि त्यांना येऊ देत नाहीत, अशी वाचनशाळा बंद करत नाहीत. तिथला सचिव बदलतात.

तुमच्यावर उपकार करायला गेलो आणि तुमचीच वाचनशाळा घालवली. आता मी प्रबंधाला शुद्धिपत्र जोडू शकतो आणि मूळ उत्तरं परीक्षेत मांडू शकतो. मग पदवी लांबेल, कायमकुळमची जागा जाईल. त्याला मी तयार आहे. पण मग तुमचं नाव वाचणार नाही. ते वाचवायचं तर निळं दार जूनमध्ये बंद होईल. तुमच्या वतीने मी एकदा ठरवून बसलो. पुन्हा ठरवणार नाही. तुम्ही सांगाल ते करीन.

तुम्ही किळस हा शब्द वापरलात. मलाही त्या मांडवात ती आली होती, मामा. वासाची नाही. शाळेतून येताना मीही तुमच्या टेबलापुढे हात पसरून उभा राहायचो. बाबा होडीवरून आलेले असले की माझ्याही हाताला वास असायचा. तुम्ही मला परत पाठवायचात, आणि मी धुऊन यायचो. मी परत यायचो, एवढाच माझ्यात आणि त्यांच्यात फरक.

प्रशोभ

पुत्तनकडव,
२० मार्च

प्रशोभ,

काय लिहिलंस बाबा? तुझे मामा बोलत नाहीत. वाचनशाळा उघडतात, दाराशी ती बादली उपडी घालून तिच्यावर बसतात आणि संध्याकाळी कुलूप लावून येतात. मांडवात गेलेले नाहीत. मांडवातून दोघं येऊन मला विचारून गेले, मास्तरांना बरं नाही का, हवामान कुणी सांगायचं.

पत्र मी वाचलं. त्यांनी तांदळाच्या डब्यामागे ठेवलं होतं, म्हणजे मी वाचावं असंच असणार. तू गावभर विचारत फिरलास. घरी ते माझाही हात हुंगतात का, हे मला नाही विचारलंस. मी कप्पा उकडत होते ना! मला फॉर्म नाही आणि बिस्किटही नाही.

जेवणाची हेळसांड करू नकोस.

मामी

पुत्तनकडव,
२९ मार्च २००८

चि. प्रशोभ यास,

तुझं पत्र वाचून मी ते फाडायला घेतलं होतं. फाडलं नाही, कारण फाडलेल्या कागदाला उत्तर देता येत नाही.

आधी माझी बाजू ऐक. पुस्तक ही साधी वस्तू नाही. इथल्या हवेत मीठ आहे, पानं मुळातच ओलसर असतात. त्यावर माशाचं तेल लागलं की तिथे झुरळ येतं, मग कसर, मग पान पारदर्शक होतं आणि पलीकडची अक्षरं अलीकडे दिसतात. दोन्ही बाजू एकदम वाचायच्या का? पहिल्या वर्षी मी कुणालाच अडवलं नाही. वर्षाअखेर जी पुस्तकं परत आली ती हातात धरवत नव्हती. पानांत आतडी सापडली आहेत मला, प्रशोभ. वाळलेली. तेव्हापासून मी हात बघू लागलो. डोळ्यांना तेल दिसत नाही, नाकाला कळतं. यात कुणाचा अपमान करायचा विचार नव्हता. हे वाक्य मी तीनदा लिहून पाहिलं. ते तितकंसं बरोबर वाटत नाही, पण खोडत नाही.

परवा मांडवात गेलो. वर्तमानपत्र न घेता. म्हटलं, “तुम्ही लोकांनी माझ्याविषयी प्रशोभला जे सांगितलं ते मला तोंडावर का सांगितलं नाहीत?”

कुणी मान वर केली नाही. तंकमणीने केली.

“तोंडावर कसं सांगायचं मास्तर? तोंडावर पंचा असतो.”

कुट्टप्पन म्हणाला, “गप गं.”

“का गप? त्यांनी विचारलंय. मास्तर, तुम्ही आम्हाला हुंगता तेव्हा आम्हालाही नाक असतं, हे ध्यानात येतं का तुमच्या? तुमच्या अंगाला डांबराच्या गोळ्यांचा वास येतो. मढ्यावर घालायच्या कपड्यांच्या पेटीसारखा. आम्ही कधी नाक धरलं?”

“मग इतकी वर्षं ऐकत का बसलात माझं?”

“वाचता चांगलं,” ती म्हणाली. “आवाजाला वास नसतो.”

मला उठून जायचं होतं. पण पाय मुंग्यांनी भरले होते, म्हणून बसून राहिलो. वाऱ्याच्या वरच्या अंगाला की खालच्या, ते पाहिलं. वरच्याच. सवयीने तिथेच बसलो होतो.

आता निर्णय. शुद्धिपत्र जोड. मला त्या माणसांची किळस आली, हे असेल. पण त्यांना पुस्तकांची गरज वाटत नाही, हे त्यांच्यावर घातलेलं बालंट आहे, आणि ते माझ्या भाच्याने माझ्यासाठी घातलं, याची मला त्या आतड्यांहून जास्त किळस येते. तुला कुणी सांगितलं मला झाकायला? मी काय शिळं कालवण आहे?

मात्र लिहायचं तर अचूक लिही. मी दोन्ही हात हुंगत नाही, फक्त उजवा. डाव्या हाताने इथे कुणी पुस्तक धरत नाही. बादली दाराशी नसते, उंबऱ्याच्या बाहेर कण्हेरीखाली असते, नाहीतर दार उघडताना लागेल. पंचा मी नाकाला लावत नाही, नाकाखाली धरतो. पण बघणाऱ्याला फरक कळणार नाही, तेव्हा ते आहे तसं राहू दे. शाळेतल्या बाईंना पाय धुवायला सांगत नाही, हे खरं आहे. ते वाक्य बदलू नकोस. ‘त्याचा बाप माझ्याच होडीवर होता’ असं सांगणारा चुकतोय. सांगणाऱ्याचा बाप माझ्या बापाच्या होडीवर होता. पण घरी येताना दोघांनाही एकच वास यायचा, म्हणून ही दुरुस्ती केली नाहीस तरी चालेल.

आणि ‘गाव क’ काढून टाक. पुत्तनकडव लिही. सचिवाचं नावही लिही. आडून कशाला?

कायमकुळमची जागा जाईल याचं वाईट वाटतं. मेसचा सांबार आणखी काही दिवस खा.

पुष्करन

तिरुवनंतपुरम,
१५ एप्रिल २००८

ती. मामांस,

त्या दिवशी तुम्ही सभागृहातून तडक बसस्टँडवर गेलात. मी फाटकापर्यंत धावलो, तोवर बस वळली होती. म्हणून पुढचं लिहून कळवतो.

पुढच्या रांगेत बसणार म्हणाला होतात, ते शेवटच्या रांगेत बसलात. त्यामुळे मागच्या रांगांकडे बघायची माझी हिंमत होईपर्यंत तुम्ही आलात की नाही हेच मला कळत नव्हतं. शुद्धिपत्र वाचायला लागलो तेव्हा मार्गदर्शक सरांनी पाण्याचा ग्लास अशा आवाजात ठेवला की मला पुढची ओळ दिसेना. ‘हुंगणे हे काय मोजमाप आहे? हे शास्त्र आहे की गावगप्पा?’ असं ते म्हणाले ते तुम्ही ऐकलंतच. बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, की नाव घेऊन असं लिहिणं म्हणजे त्या सचिवाची बदनामी, तो हरकत घेईल, विद्यापीठ अडचणीत येईल. तुमचं पत्र माझ्या खिशात होतं, पण ते बाहेर काढायला हात होईना.

आणि मागून तुमचा आवाज आला. “सचिवाची हरकत नाही. फक्त उजवा हात, असं लिहून घ्या.” आणि तुम्ही खाली बसलात. तुम्ही मान खाली घातली होती म्हणून सांगतो, सभागृहात कुणीही हसलं नाही.

प्रबंध दुरुस्तीसाठी परत आला आहे. सहा महिने दिलेत. प्रश्नावली नव्याने करायची आहे आणि पुत्तनकडवला पुन्हा यायचं आहे. या वेळी तुम्ही असताना. कायमकुळमची जागा गेली. मार्गदर्शक माझ्याशी बोलत नाहीत, मला सांगायचं ते शिपायाला सांगतात. शुद्धिपत्राची प्रत मी स्वतः जिल्हा कार्यालयात नेऊन दिली आणि पोच घेतली. तिथल्या कारकुनाने ती चाळली आणि विचारलं, “हा मास्तर जिवंत आहे का?” हो म्हटलं.

प्रशोभ

पुत्तनकडव,
९ ऑगस्ट २००८

चि. प्रशोभ यास,

कार्यालयाचा निर्णय जूनच्या शेवटच्या दिवशी आला. शेवटच्याच दिवशी यायचा, तो त्यांचा रिवाज. वाचनशाळा राहते. वर्षभर प्रयोग म्हणून, सचिव बदलून. गावाने सभा घेतली आणि तंकमणीला निवडलं. सकाळी मासळी विकते, दुपारनंतर वाचनशाळा उघडते. मी फक्त कार्डं लिहितो. पगार दोघांनाही नाही, तेव्हा त्यात भांडण नाही. किल्ली देताना मी तिला वर्गीकरण समजावायला लागलो. ती म्हणाली, “मास्तर, तीन मासे एका फळीवर आणलेत ते कळलं. बाकीचं मी बघून घेते.”

समुद्र खवळलेला आहे, होड्या वर ओढलेल्या, त्यामुळे गर्दी आहे. काय दृश्य असतं ते सांगू? फरशीवर ओली पावलं, उंबऱ्यात रचलेल्या टोपल्या, त्यांच्यावर माश्या, आणि आत वास असा की कपाट उघडलं तरी पुस्तकांचा वास येत नाही. ज्ञानकोशाच्या दुसऱ्या खंडावर अंगठ्याचा तेलकट ठसा आहे, अख्खा, पोलिसांना लागतो तसा. शशिधरन पान उलटताना बोटाला थुंकी लावतो. मी माझ्या कोपऱ्यात कार्डं लिहितो आणि किळस येत राहते. वाटलं होतं, चार आठवड्यांत सवय होईल. होत नाही. तू नवी प्रश्नावली घेऊन येशील तेव्हा हेही लिहून घे, सुधारणा झाली असं परस्पर लिहून टाकू नकोस.

काल फळ्या पुसताना एका कादंबरीतून माशाचा खवला निघाला. तांबोशीचा, रुपयाएवढा, वाळून कडक झालेला. नखाने उचलला आणि खिडकीबाहेर टाकला. हात झटकले. पुस्तक फळीवर ठेवताना लक्षात आलं, खवला पानाच्या मधोमध होता, सरळ, शिवणीला लागून. पडलेला खवला असा पडत नाही.

पान मी पाहिलं नव्हतं. मी, पुष्करन, पान पाहिलं नव्हतं.

तंकमणीला विचारलं. म्हणाली, ते शशिधरनची बायको वाचतेय. तिच्या घरी गेलो, दारात उभा राहिलो. “कितव्या पानावर होतीस?”

“पान कोण बघतं मास्तर?” ती भाताची पेज गाळत होती. “ती थोरली पेटी उघडते आणि आत धाकटीचं पातळ निघतं बघा, तिथवर आलेय. का, काय झालं?”

“काही नाही,” म्हटलं.

परत येऊन अर्धं पुस्तक चाळलं तेव्हा पेटी सापडली. मग खिडकीखाली गेलो. पाऊस पडत होता, चिखलात असे खवले पुष्कळ होते, पण तांबोशीचा एकच. चिखलातून तो काढला, धुतला, कोरडा केला. दोन बोटांत धरला तेव्हा किळस आली ती थेट कोपरापर्यंत. त्या पानात शिवणीला लावून ठेवला आणि पुस्तक मिटलं.

पुष्करन